गावात कोण कोणाला विचारतो?



आजच्या भाषणाचा विषय नावाने नवा वाटेल, पण ज्या गोष्टीविषयी मी बोलणार आहे ती आपल्या रोजच्या पाहण्यातली आहे. गावात एखादी बातमी येते. कालव्याला पाणी सुटणार आहे, अमुक औषध बागेवर मारू नका असे सरकारने कळवले आहे, तालुक्याला कागद देण्याची मुदत परवा संपते आहे. ही बातमी एका घरी सकाळी पोचते, दुसऱ्या घरी संध्याकाळी पोचते, आणि तिसऱ्या घरी पोचतच नाही. हे तिसरे घर गावकुसाबाहेरच असते असे नव्हे. कित्येकदा ते पारासमोर असते. त्या घरात मोबाइल असतो, शिकलेला मुलगा असतो. तरी बातमी चुकते आणि मुदत निघून जाते. मग आपण म्हणतो, “तो माणूसच तसला, कशात लक्ष घालत नाही.”

माणूस तसला आहे की त्याची जागा तशी आहे, हा प्रश्न शास्त्रीय रीतीने विचारण्याची एक पद्धत आहे. तिला सामाजिक जाळ्यांचे विश्लेषण म्हणतात. नाव जड आहे. काम सोपे आहे. माणसाच्या जागी एक ठिपका काढायचा. एक माणूस दुसऱ्याकडे सल्ल्याला जात असेल, तर पहिल्या ठिपक्याकडून दुसऱ्याकडे एक बाण काढायचा. गावातील सर्व माणसांचे असे बाण काढून झाले म्हणजे कागदावर जे उमटते ते जाळे.

हे प्रथम कोणी केले? जेकब मोरेनो नावाचा एक वैद्य अमेरिकेत होता. न्यूयॉर्क राज्यात हडसन येथे मुलींची एक सुधारशाळा होती. १९३२ च्या शरदात तेथून दोन आठवड्यांत चौदा मुली पळून गेल्या. अधिकाऱ्यांना वाटले, मुलीच वाईट. मोरेनोने मात्र कोणती मुलगी कोणाजवळ राहू इच्छिते, कोणाजवळ राहू इच्छीत नाही हे विचारून नकाशे काढले, आणि पळण्याची कल्पना कोणत्या मैत्रीच्या वाटेने एकीकडून दुसरीकडे गेली ते दाखवले. १९३४ साली त्याचे पुस्तक निघाले. पुढे १९५४ साली जॉन बार्न्स या मानवशास्त्रज्ञाने नॉर्वेतील एका मच्छीमार बेटावरील समाजाचे वर्णन करताना ‘जाळे’ हाच शब्द योजला. कोळ्यांच्या वस्तीत बसून त्याला दुसरा शब्द सुचला असता तरच नवल!

आता नॉर्वे सोडून आपल्या नाशिककडे येऊ.

निफाड-दिंडोरीच्या बागाईतदारांना २०१० चा हंगाम आठवत असेल. खरड छाटणीनंतर वेलीच्या शेंड्याची वाढ आवरावी आणि काडीत घड धरावा म्हणून क्लोरमेक्वाट क्लोराइड नावाचे एक द्रव्य वापरीत. बागाईतदार त्याला नुसते ‘सीसीसी’ म्हणतात. त्या वर्षी युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत त्याचा अंश तेथील मर्यादेपेक्षा, म्हणजे किलोमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा, अधिक सापडला. कंटेनर अडकले, भाव पडले, कित्येक घरे कर्जात गेली. गंमत, म्हणजे दुःखाची गंमत, अशी की २००६ पासून निर्यातीच्या प्रत्येक बागेची ‘ग्रेपनेट’वर नोंद होत होती. बाग कोणाची, माल कोणत्या पेटीत गेला, सारे सापडत होते. पण निर्यातीपूर्वी आपल्याकडे ज्या औषधांचे अंश तपासले जात, त्या यादीत हे द्रव्यच नव्हते. माल इकडून तिकडे जाण्याची वाट पक्की होती. तिकडचा नियम इकडच्या बांधावर येण्याची वाट मात्र कोठेतरी तुटलेली होती.

हा प्रसंग मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. एका वर्षी तो ऐकून एक मुलगा फार उत्साहाने संशोधनाचा आराखडा घेऊन आला. मुलगा कादवेच्या काठच्या एका गावचा, घरी दोन एकर बाग. आराखड्याचे नाव होते, ‘ग्रामीण भागातील सामाजिक जाळे आणि शेतीविकास : एक अभ्यास’. मी विचारले, “कोणते जाळे?” तो म्हणाला, “सर, सगळेच.” मी म्हटले, “सोयरीक, उसनवारी, राजकारण, भजनी मंडळ, औषधाची विचारपूस, हे सगळे? आणि शेतीविकास म्हणजे पीक, पैसा, पाणी, की ट्रॅक्टर?” तो गप्प बसला.

शिक्षक मित्रहो, हे त्या मुलाचे अपयश नव्हे. आपणच मुलांना मोठी नावे शिकवतो. ज्या विषयाच्या नावात दोन्ही बाजूंनी समुद्र आहे, त्यात मुलगा बुडणारच. त्या मुलाशी तासभर बोललो तेव्हा त्याच्या मनातले खरे निघाले. त्याच्या चुलत्याने आदल्या वर्षी एक बंद झालेले औषध बागेवर मारले होते. बंदी झाल्याचे गावात निम्म्यांना ठाऊक होते, आणि चुलत्याला नव्हते. दोन्ही घरांमध्ये एक भिंत. “सर, आम्हांला माहीत होते. पण आमचे बोलणे नाही ना,” तो म्हणाला. मी म्हटले, “हाच तुझा विषय.” मग आराखड्याचे नाव झाले, ‘द्राक्षावरील औषधाच्या बंदीची बातमी आमच्या गावातील बागाईतदारांना कोणाकडून कळते?’ नाव लांब आहे, पण त्यात विषयाला चार कुंपणे आहेत. कोणती बातमी, कोणते गाव, कोणती माणसे, कोणता संबंध.

आता पुढची पायरी, आणि येथेच बहुतेक आराखडे फसतात. माणसे कोणती, याची यादी कोठून आणायची? आम्ही तलाठ्याकडची खातेदारांची यादी घेतली. सोपे वाटले. साठ बागाईतदारांची नावे मिळाली. गावात फिरू लागल्यावर दिसले, की बाग ज्याच्या नावावर आहे तो नाशिकला नोकरीला, आणि बाग पाहते त्याची वहिनी. सातबाऱ्यावर तिचे नाव नाही. वाट्याने बाग करणारे दोघे होते, त्यांचीही नावे नाहीत. आणि सर्वांत मोठी चूक दुसरीच. छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात. आज या बागेत, उद्या त्या बागेत, परवा शेजारच्या गावी. कोणी काय फवारले, कोणाच्या बागेत डावणी आली, हे जितके त्यांना ठाऊक तितके गावात कोणालाच नसते. ज्यांच्या पायांनी बातमी चालते ते आमच्या यादीत नव्हते! तेव्हा आराखड्यात ‘जाळ्याची हद्द’ म्हणून एक परिच्छेद असलाच पाहिजे, आणि तो कचेरीतील यादीवरून नव्हे तर गावात दोन दिवस हिंडून लिहिला पाहिजे.

यादीत एखादे नाव राहिले तर बिघडले काय, असे कोणी म्हणेल. इतर पाहणीत फारसे बिघडत नाही. शंभरांतील दहा घरे निवडून ज्वारीचे सरासरी उत्पन्न काढता येते. जाळ्याचे तसे नाही, आणि त्याचे गणित शाळेतल्या मुलालाही करता येईल. साठ माणसांच्या जोड्या किती? साठ गुणिले एकोणसाठ, भागिले दोन, म्हणजे १,७७०. आता सहा माणसे भेटली नाहीत असे धरा. माणसे गेली दहांत एक. पण उरलेल्या चोपन्नांच्या जोड्या होतात १,४३१. म्हणजे ज्या जोडीतील दोघांचेही म्हणणे आपण ऐकले अशा जोड्या ३३९ ने घटल्या, जवळजवळ पाचांत एक. विणलेल्या घोंगडीचे चार धागे ओढून काढावेत तसे होते. म्हणून जाळ्याच्या अभ्यासात गाव लहान घ्यावे, पण पुरे घ्यावे. दहा गावांतील सहा-सहा माणसांना विचारून जाळे मिळत नाही.

मग प्रश्न कसा विचारायचा? “तुमचे गावात संबंध कसे आहेत?” असे विचारले तर सारे गाव म्हणते, “बरे आहेत.” आपल्याकडे पाहुण्याला दुसरे उत्तर देण्याची पद्धत नाही. प्रश्न नावाचा आणि प्रसंगाचा पाहिजे : “गेल्या गोडी छाटणीपासून आजपर्यंत कोणते औषध मारावे किंवा मारू नये हे तुम्ही कोणाकोणाला विचारलेत?” आणि उत्तर लिहिण्यासाठी तीनच ओळी ठेवू नयेत. मुले छापील फॉर्मवर १, २, ३ असे आकडे घालून आणतात. ज्याने पाच जणांना विचारले तो तिसऱ्या नावावर थांबतो, आणि ज्याने एकालाच विचारले तो भिडेखातर आणखी दोन नावे घालतो. दोन्हीकडून जाळे खोटे होते. आणखी एक, बाणाची दिशा नीट लिहावी. मी तुम्हांला विचारतो म्हणून तुम्ही मला विचारताच असे नाही. दोघांची उत्तरे वेगवेगळी घ्यावीत. ती जुळत नसतील तर रागावू नये. न जुळणे हीसुद्धा माहिती आहे.

आमचे जाळे तयार झाले. सर्वांत अधिक बाण कोणाकडे गेले असतील? आपण ओळखलेच असेल, औषधाच्या दुकानदाराकडे. मुलांनी लगेच लिहिले, ‘गावातील प्रमुख मार्गदर्शक’. मी ते खोडले. बाण जास्त म्हणजे ज्ञान जास्त, असा हिशेब मांडू नये. दुकान रस्त्यावर आहे, उधारी मिळते, म्हणून माणसे तेथे जातात. जो औषध विकतो तोच औषध मारू नका हे सांगेल, अशी अपेक्षा आपण किती ठेवायची? काही दुकानदार सांगतात, हे मी मान्य करतो. जाळे एवढेच सांगते की वाट येथून जाते. वाटेवरचा माणूस काय बोलतो, हे निराळे विचारावे लागते.

मला जास्त मोलाचा वाटला तो एक तरुण. त्याच्याकडे बाण होते फक्त तीन. पण वरच्या आळीचे आणि मळ्यातल्या वस्तीचे जे दोन गट एकमेकांना विचारतच नव्हते, त्यांच्यात हा एकटा दुवा होता. तो पिंपळगाव बसवंतला एका निर्यातदाराकडे कामाला जात असे, म्हणून बाहेरची खबर प्रथम त्याच्या कानी येई. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक गोष्ट मांडली. जवळचे सोयरे आणि रोजचे मित्र यांना बहुधा तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते. नवी खबर येते ती अधूनमधून भेटणाऱ्या, दूरच्या ओळखीच्या माणसाकडून. २०१० साली आपल्या बागांना असे दूरचे दुवे किती होते? उद्या तो तरुण पुण्याला निघून गेला तर त्या गावाचे दोन तुकडे होतील, आणि कोणाला कळणारही नाही.

येथे माझी एक चूक सांगतो. जाळ्याचा तक्ता फार सुबक झाला होता. मुलांना वाटले, गावाला दाखवावा. मीही हो म्हटले. शाळेच्या भिंतीवर नावांसकट तक्ता लागला. संध्याकाळी एक वृद्ध गृहस्थ आले. गावात पहिला द्राक्षाचा मांडव त्यांनी घातला होता. चष्मा पुसून ते बराच वेळ तक्त्याकडे पाहत राहिले, मग मला म्हणाले, “गुरुजी, माझ्याकडे एकही बाण नाही का?” मी काय उत्तर देणार? त्यांच्या सख्ख्या मुलाने दुकानदाराचे नाव सांगितले होते. तक्ता आम्ही रात्रीच उतरवला, पण पाहिलेले उतरत नाही.

कोण कोणाकडे जातो ही माहिती साधी दिसते, साधी नसते. नाशिकला तर हे सांगायला नको. १९०९ च्या डिसेंबरात कलेक्टर जॅक्सनचा वध झाल्यावर पोलिसांनी एकाच्या जबानीवरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा असा धागा धरून किती घरे गाठली! आपल्या वहीतील बाण फासावर नेणारे नसतील, पण कोणाची उधारी, कोणाचा अबोला, कोणाची लाज त्यांत असते. म्हणून आराखड्यात आधीच लिहावे : नावांऐवजी आकडे वापरू, नाव आणि आकडा यांची वही एकाच माणसाकडे, कुलपात राहील, तक्ता गावात लावायचा नाही, आणि ज्याने उत्तर देण्यास नकार दिला त्याचे नाव दुसऱ्याने सांगितले तरी ते कोठे छापायचे नाही. प्रत्येकाला प्रश्नाआधी हे सांगावे आणि “चालेल का?” असे विचारावे. एवढे करूनही लहान गावात ‘आकडा सतरा’ कोण हे चाणाक्ष माणूस ओळखतो, हेही ध्यानात ठेवावे.

त्या वृद्धांच्या बोलण्याने आणखी एक गोष्ट झाली. पुढच्या वर्षी मुलांनी दुसरा प्रश्न विचारला, “बाग लावताना पहिल्यांदा कोणी शिकवले?” या प्रश्नाचे जाळे निराळेच निघाले. अर्ध्याहून अधिक बाण त्यांच्या मांडवाकडे जात होते. तक्ता अर्थात आम्ही कोठे लावला नाही. मुलगा त्यांच्याकडे जाऊन तोंडी सांगून आला.

आता कोणी शिक्षक विचारतील, एवढा खटाटोप केल्यावर हाती काय लागते? शेजारच्या कर्नाटकातील उदाहरण पाहा. अभिजित बॅनर्जी, अरुण चंद्रशेखर, एस्थर डुफ्लो आणि मॅथ्यू जॅक्सन या अर्थशास्त्रज्ञांनी तेथील ७५ खेड्यांतील जाळी आधीच नोंदवून ठेवली होती. पुढे त्यांपैकी ४३ खेड्यांत लहान कर्जे देणारी एक संस्था गेली. तिने प्रथम शिक्षक, दुकानदार, बचतगटाच्या पुढारी बाया यांना कर्जाची माहिती दिली. जेथे हे पहिले ऐकणारे जाळ्याच्या मध्यावर होते तेथे पुढे अधिक घरे सामील झाली. जेथे ते कडेला होते तेथे कमी. हे २०१३ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे, शिक्षक हो, बातमी आपल्या कानी आली तरी ती पुढे किती जाणार हे आपल्या हुद्द्यावर नव्हे, आपल्या उठण्याबसण्यावर ठरते. पुढे त्यांनी असेही पाहिले की, “गावभर बातमी पोचवायची तर कोणाला सांगावी?” असे साध्या माणसांना विचारले तर ती मध्यावरच्या माणसांची नावे चांगली ओळखतात. तेव्हा ज्या शाळेला साठ घरे फिरणे जमणार नाही तिने निदान हा एक प्रश्न वीस जणांना विचारावा.

तुलना कशी ठेवावी याचा नमुना तर या आपल्या रेडिओनेच घातलेला आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून दीडशे खेड्यांसाठी वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक गावी वीसएक माणसांचे मंडळ बसे, ऐके आणि ऐकल्यावर चर्चा करी. पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. त्यांनी मंडळे असलेली गावे घेतली, नुसता रेडिओ असलेली घेतली, आणि रेडिओ नसलेलीही घेतली. आणि कार्यक्रमांच्या आधी व नंतर तेच प्रश्न विचारले. मंडळांच्या गावी माहिती पुष्कळ वाढलेली दिसली. नुसत्या रेडिओच्या गावी तशी वाढली नाही. मंडळाची गावेच तेवढी पाहिली असती, तर श्रेय पेटीचे की माणसे एकत्र बसण्याचे, हे कधी कळले नसते. आपल्या विद्यार्थ्याला तीन प्रकारची गावे घेणे शक्य नाही. पण बातमी कळलेले आणि न कळलेले, दोघांनाही तेच प्रश्न विचारणे शक्य आहे. बहुतेक मुले कळलेल्यांनाच विचारून येतात, कारण ती बोलकी असतात.

सर्वांकडे द्राक्ष नाही, हे मी जाणतो. ओझरच्या बाजूला वाघाड धरणाच्या कालव्यावर बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने १९९० नंतर शेपटीकडच्या शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था उभ्या केल्या. तेथील मुलाने विचारावे, “पाळी बदलली हे तुम्हांला कोणी सांगितले?” कालव्याचे तोंड आणि शेपूट यांच्यात किती बाण आहेत ते मोजावे. येवल्याच्या मुलाने पैठणीच्या मागावर विचारावे, नवी नक्षी कोणाकडून उचलली. ज्या मुलीला गावात हिंडण्याची मुभा नाही तिने आपल्या वर्गातील चाळीस मुलींचे जाळे काढावे, अडलेले गणित कोण कोणाला विचारते एवढेच. ते काम लहान नाही. त्यातही ७८० जोड्या आहेत.

वेळेचे मात्र आधी ठरवा. साठ माणसे, प्रत्येकी अर्धा तास, म्हणजे तीस तास झाले. पाच विद्यार्थी असतील तर प्रत्येकाला सहा तास, आणि माणूस घरी न सापडल्याच्या खेपा निराळ्या. तोडणी चालू असताना, म्हणजे जानेवारी ते एप्रिल, कोणाच्या दारात वही घेऊन उभे राहू नये. जूनमध्ये पेरणीची घाई असते. आषाढी एकादशीपर्यंत दोन पानांचा आराखडा लिहून व्हावा : प्रश्न एका वाक्यात, हद्द, विचारण्याचे नेमके शब्द, नावे कशी झाकणार, दिवसांचा हिशेब, आणि गावाला परत काय सांगणार. श्रावणात संध्याकाळी माणसे घरी सापडतात, पावसाने अंगणातली कामे थांबलेली असतात, तेव्हा गावात जावे. पोळ्याच्या आत साठ घरे झाली पाहिजेत. कारण पुढे गोडी छाटणी सुरू झाली की बागाईतदार दिवाळीपर्यंत तुमच्याशी बोलणार नाही, आणि त्याने बोलू नये हेच बरे.